निसर्ग की संगोपन: मानसशास्त्राचे दृष्टिकोन एका रेषेवर मांडता येतात का?

परीक्षेच्या उत्तरासाठी तुमचा प्रश्न असा आहे: 'निसर्ग' (जन्मजात ते) ते 'संगोपन' (अनुभव आणि परिस्थितीतून येतं ते) अशी रेषा काढली तर जैविक दृष्टिकोन एका टोकाला आणि वर्तनवाद, म्हणजे वागणं अनुभवातून शिकलं जातं असं मानणारा दृष्टिकोन, दुसऱ्या टोकाला हे कळतं, पण फ्रॉइड, मानवतावादी आणि बोधात्मक (विचारप्रक्रियांचा अभ्यास करणारा) दृष्टिकोन 'मध्ये' का टाकतात? आणि 'बुद्धिमत्ता ५० टक्के अनुवंशिक' म्हणजे माझी निम्मी बुद्धी आईवडिलांकडून आली का?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच दडलंय.

नाही, तसा अर्थ होत नाही. एका माणसाच्या बुद्धीची अशी वाटणी करताच येत नाही. आयताच्या क्षेत्रफळात लांबीचा वाटा किती टक्के आणि रुंदीचा किती, हा प्रश्न जितका निरर्थक, तितकाच हाही. (मानसशास्त्रज्ञ डोनल्ड हेब यांच्या नावावर सांगितलं जाणारं हे उदाहरण.) पण शंभर आयत घेतले आणि सगळ्यांची रुंदी जवळपास सारखी असली, तर त्यांच्या क्षेत्रफळांत दिसणारा फरक मुख्यतः लांबीमुळे आहे, असं बिनदिक्कत म्हणता येतं. अनुवंशिकतेची टक्केवारी हेच सांगते: अमुक एका लोकसमूहात, अमुक काळात, माणसामाणसांत दिसणाऱ्या फरकांपैकी किती फरक त्यांच्या जनुकीय फरकांशी जोडता येतो.

आता हाताच्या बोटांकडे बघा. माणसाला पाच बोटं असतात ती जनुकांमुळेच. तरीही बोटांच्या संख्येची अनुवंशिकता मोजायला गेलात तर ती कमी भरेल, कारण चारच बोटं असलेल्यांपैकी बहुतेकांचं एक बोट यंत्रात किंवा अपघातात गेलेलं असतं. म्हणजे गोष्ट पूर्ण 'निसर्गा'ची, आणि तिच्यातला फरक बराचसा परिस्थितीचा.

त्या रेषेची खरी अडचण इथेच आहे. 'निसर्ग' हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. एक, सगळ्या माणसांत जन्मतः समान असलेलं काही. दोन, माणसामाणसांतल्या फरकांचं जन्मजात कारण. ही शब्दजोडी रूढ करणारे फ्रान्सिस गाल्टन यांना दुसऱ्या अर्थात रस होता. काही माणसं इतरांपेक्षा हुशार का, हा त्यांचा प्रश्न. मानवतावादी रॉजर्स, बाळाच्या आसक्तीचा सिद्धांत मांडणारे बोल्बी, भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की ही मंडळी मात्र 'जन्मजात' म्हणतात तेव्हा पहिला अर्थ धरतात. सगळ्यांना एका रेषेवर बसवणं म्हणजे लिटर आणि किलोमीटर एकाच पट्टीवर मोजणं. म्हणून प्रत्येक दृष्टिकोनाला दोन प्रश्न विचारा: जन्मजात काय मानता, आणि फरक कशामुळे पडतो म्हणता?

जैविक दृष्टिकोन फरकाचा हिशेब मांडतो, आणि त्याचं मुख्य हत्यार म्हणजे जुळ्यांचा अभ्यास. एकबीज (एकाच फलित बीजापासून झालेल्या) जुळ्यांची जनुकं जवळपास शंभर टक्के सारखी असतात. द्विबीज (दोन वेगळ्या बीजांपासून झालेल्या) जुळ्यांमध्ये, माणसामाणसांत बदलणाऱ्या जनुकांपैकी सरासरी निम्मी. गणित सोपं आहे. समजा, एखाद्या चाचणीत एकबीज जोड्यांचा सहसंबंध (दोघांचे गुण किती जुळतात याचं माप; १ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.८० आला आणि द्विबीज जोड्यांचा ०.५०. दोन्हींतल्या फरकाची दुप्पट ही अनुवंशिकता: २ × (०.८० − ०.५०) = ०.६०. एकबीज सहसंबंधातून ती वजा केली की सामाईक परिस्थितीचा, म्हणजे दोन्ही भावंडांना सारखं बनवणाऱ्या घरचा वाटा उरतो: ०.२०. आणि १ मधून ०.८० गेले की उरलेले ०.२० प्रत्येकाच्या वेगळ्या अनुभवांचे. चाचणीतल्या मोजमापाच्या चुकाही याच शेवटच्या खात्यात जमा होतात; त्याला निव्वळ 'अनुभव' म्हणणं ही नेहमीची चूक.

हे गणित बिघडतं कुठे? दोन्ही प्रकारच्या जुळ्यांना घरात-बाहेर सारखंच वागवलं जातं असं ते गृहीत धरतं. एकबीज जुळ्यांना जास्त सारखं वागवलं जात असेल, तर अनुवंशिकता फुगते. उलट, माणसं आपल्यासारखाच जोडीदार निवडत असतील, तर द्विबीज भावंडांत निम्म्याहून जास्त साम्य येतं आणि अनुवंशिकता कमी दिसते. सामाईक परिस्थितीचा आकडा कधी ऋण आला तर घाबरू नका. द्विबीज सहसंबंध एकबीजच्या निम्म्याहूनही कमी आहे एवढंच ते सांगतं, आणि जनुकांचे परिणाम तिथे साधे बेरजेचे नसावेत, अशी शंका घ्यायची.

स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराचे आकडे पाठच असू द्या. संशोधक गॉट्समन यांनी १९९१ मध्ये दिलेल्या गोळाबेरजेनुसार एका एकबीज जुळ्याला हा आजार असेल तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण ४८ टक्के, द्विबीजमध्ये १७ टक्के आणि सर्वसाधारण लोकांत सुमारे १ टक्का. हे दोन्ही बाजूंनी वाचायचं: ४८ आणि १७ मधली दरी जनुकांकडे बोट दाखवते, ४८ आणि १०० मधली दरी जनुकं पुरेशी नाहीत हे दाखवते. विद्यार्थी बहुधा पहिलीच दरी लिहून थांबतात.

'अनुवंशिक म्हणजे न बदलणारं' हा समज तर पार काढून टाका. फिनाइलकीटोन्युरिया हा आजार एका जनुकातल्या दोषामुळे होतो. फिनाइलअ‍ॅलानिन हे अन्नातलं अमिनो आम्ल शरीरात साठून मेंदूची वाढ खुंटते. पण जन्मल्यावर लगेच रक्तचाचणी करून ते अमिनो आम्ल आहारात अगदी कमी ठेवलं तर बौद्धिक नुकसान बऱ्याच अंशी टळतं. कारण जनुकीय, इलाज ताटातला.

वर्तनवादाला 'पूर्ण संगोपन' म्हणतात ते या दृष्टिकोनाचे प्रवर्तक वॉटसन यांच्या त्या प्रसिद्ध दाव्यामुळे: डझनभर निरोगी बाळं द्या, त्यांतल्या कुणालाही डॉक्टर, वकील किंवा चोर बनवून दाखवतो. लगेच पुढे त्यांनी, आपण उपलब्ध पुराव्याच्या पलीकडे बोलतोय, अशी कबुलीही दिली आहे; उतारा देणारे ती बहुतेक वेळा गाळतात. शिवाय शिकण्याची यंत्रणा, म्हणजे अभिसंधान (दोन गोष्टी जोडून शिकणं) आणि प्रबलन (बक्षिसाने वागणं पक्कं होणं) यांना दाद देणारं शरीर, वर्तनवादीही जन्मजातच मानतात. त्यांचा खरा आग्रह, कोणतीही दोन उद्दीपकं (प्रतिसाद जागवणाऱ्या गोष्टी) सारख्याच सहजतेने जोडता येतात, हा होता. तो त्यांच्याच प्रयोगशाळेच्या पद्धतीने मोडला. गार्सिया आणि कोलिंग यांनी १९६६ मध्ये उंदरांना चवीचं पाणी दिलं, आणि ते पिताना प्रकाश चमके, आवाज होई. ज्यांना नंतर आजारी पाडलं ते उंदीर चव टाळायला शिकले. ज्यांना विजेचा झटका दिला ते प्रकाश-आवाज टाळायला शिकले. उलटी जोडी जमेना. काय शिकायचं ते अनुभव ठरवतो, पण काय सहज शिकता येतं यावर उत्क्रांतीची मोहर असते. उत्तरात वर्तनवादावर टीका करायची असेल तर याहून नेमकं उदाहरण मिळणं कठीण.

फ्रॉइड 'मध्ये' येतात ते दोन वेगळ्या कारणांनी. प्रेरणा जन्मजात, विकासाच्या अवस्थांचा क्रमही जन्मजात. पण कोण कोणत्या अवस्थेत अडकून पडतो हे लहानपणीच्या अनुभवावर. पहिला अर्थ निसर्गाच्या बाजूने, दुसरा संगोपनाच्या. बोल्बी यांचा आसक्तीचा सिद्धांत तसाच आहे: माणसाला धरून राहण्याची ओढ प्रत्येक बाळात, ती सुरक्षित ठरते की असुरक्षित हे सांभाळणाऱ्याच्या वागण्यावर.

मानवतावादी दृष्टिकोनाला पुष्कळ जण संगोपनाच्या खात्यात टाकतात. ते अर्धवट आहे. रॉजर्स यांच्या मते स्वतःच्या पूर्ण विकासाकडे जाण्याची ओढ उपजत असते. 'असं वागलास तरच तू चांगला' अशा अटी घालणारी माणसं ती अडवतात. म्हणजे चांगुलपण आतून, बिघाड बाहेरून. फ्रॉइड यांच्या बरोबर उलटी मांडणी, आणि तरी रेषेवर दोघं शेजारी-शेजारी! रेषेने काय लपवलं हे इथे दिसतं.

बोधात्मक दृष्टिकोन या वादात फारसा पडत नाही. प्रक्रिया करणारी यंत्रणा उपजत, तिच्यात भरली जाणारी माहिती अनुभवाची, इतकं लिहिलं तरी पुरे. मुलांच्या विचारविकासाचे अभ्यासक पियाजे यांचं एक वाक्य जोडा: अवस्थांचा क्रम पक्वतेने ठरतो, पण जगाशी झटापट केल्याशिवाय मूल पुढच्या अवस्थेत जात नाही. मानसशास्त्रज्ञ बांडुरा यांचं, इतरांना पाहून म्हणजे निरीक्षणातून शिकणं वर्तनवादाच्या जवळ ठेवा.

'आंतरक्रिया' (जनुकांचा परिणाम परिस्थितीनुसार बदलणं) हा शब्द मात्र नुसता लिहून सोडू नका. तो काय असतो हे कूपर आणि झुबेक यांच्या १९५८ च्या प्रयोगात दिसतं. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून वाढवलेले 'हुशार' आणि 'मठ्ठ' उंदीर त्यांनी वेगवेगळ्या पिंजऱ्यांत वाढवले आणि मग भूलभुलैयात सोडले. साध्या पिंजऱ्यातल्या हुशार उंदरांच्या सरासरी ११७ चुका झाल्या, मठ्ठांच्या १६४. खेळण्यांनी भरलेल्या पिंजऱ्यात वाढलेल्यांच्या अनुक्रमे सुमारे १११ आणि १२०. आणि रिकाम्या, उदास पिंजऱ्यात दोघांच्याही सुमारे १७०. जनुकांचा वाटा किती, असं आता विचारा. साध्या पिंजऱ्यात भरपूर, रिकाम्यात शून्य. एकच आकडा देताच येत नाही.

माणसांतही असं काही दिसलं आहे. टर्कहायमर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सात वर्षांच्या अमेरिकन जुळ्यांच्या बुद्ध्यंकात हे पाहिलं: गरीब घरांत फरकाचा सुमारे ६० टक्के भाग सामाईक परिस्थितीचा आणि जनुकांचा जवळजवळ नगण्य, सुखवस्तू घरांत जवळपास उलट. हे लिहाल तेव्हा, पश्चिम युरोप आणि ऑस्ट्रेलियातल्या नमुन्यांत असा परिणाम आढळला नाही, हेही लिहा. ज्या समाजात गरीब-श्रीमंत मुलांच्या परिस्थितीत दरी कमी असेल तिथे तो दिसू नये, असा एक अंदाज त्यावर मांडला गेला आहे.

आंतरक्रियेहून वेगळी गोष्ट म्हणजे जनुक आणि परिस्थिती यांचा सहसंबंध, म्हणजे विशिष्ट जनुकांच्या माणसाच्या वाट्याला विशिष्ट परिस्थिती येणं. हे दोन्ही सर्रास एकमेकांत मिसळले जातात. स्कार आणि मॅकार्टनी यांनी १९८३ मध्ये त्याचे तीन प्रकार सांगितले. वाचनप्रेमी आईबाप मुलाला जनुकंही देतात आणि पुस्तकांनी भरलेलं घरही, हा निष्क्रिय प्रकार. हसऱ्या बाळाशी लोक जास्त बोलतात, हा प्रतिसाद ओढून घेणारा. आणि मोठं झाल्यावर आपल्या स्वभावाला मानवेल अशी संगत नि काम आपणच निवडतो, हा सक्रिय. बुद्ध्यंकाची अनुवंशिकता बालपणापेक्षा तरुणपणी जास्त का भरते, याचं एक पटण्यासारखं स्पष्टीकरण या तिसऱ्या प्रकारात आहे: वय वाढतं तशी परिस्थिती आपल्या हातात येते.

शेवटी एक खबरदारी. आंतरक्रियेचं उदाहरण म्हणून बऱ्याच पुस्तकांत सेरोटोनिन (मेंदूतलं एक रसायन) वाहक जनुक, ताण आणि नैराश्य यांचा २००३ चा अभ्यास अजूनही दिलेला असतो. २०१९ मध्ये फार मोठ्या नमुन्यांवर नैराश्याशी जोडलेल्या अशा 'एकेका' जनुकांची तपासणी झाली तेव्हा त्या दाव्याला आधार मिळाला नाही. उत्तरात तो अभ्यास घ्यायचाच असेल तर हे पुढचं वाक्यही घ्या. नाहीतर फिनाइलकीटोन्युरिया किंवा ते उंदीर वापरा, ती उदाहरणं भक्कम आहेत.