महिला मंडळाकडे ५०,००० रुपये जमलेत. गरीब बाळंतिणींसाठी किट वाटावं की डॉक्टर बोलावून शिबिर घ्यावं? एखाद्या संस्थेशी भागीदारी करावी का?

किट नको, शिबिरही नको. बाळंतिणीचा खाडा भरा, म्हणजे ती कामावर गेली नाही म्हणून कापले जाणारे पैसे तुम्ही द्या.

आता नीट सांगते. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका उसाच्या गावात २००९ पासून आशा आहे. डिंकलाडू, दुपटं, तेल-साबणाची पिशवी वाटताना इतक्या वेळा बघितलीय की फोटोत कोण कुठं उभं राहणार हेसुद्धा मला आधी कळतं. ती पिशवी ज्यांच्या घरी जाते त्यांच्या घरी आई असते, सासू असते, मटणाचं पाणी करून घालणारी जाऊ असते. तुमच्या प्रश्नात ‘गरीब बाळंतीण’ वाचलं आणि मला एकच पोर डोळ्यासमोर आली.

२०१८ चा जानेवारी. दिवाळीनंतर बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आमच्याकडं उतरतात, गावाबाहेर गायरानात त्यांच्या कोपी, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडतात. त्या वर्षी मी चक्कीत दळण घेऊन उभी होते, तर टोळीतली एक म्हातारी दुकानात दुधाची बाटली मागत होती. कितीचं बाळ म्हणून विचारलं. म्हणाली, नऊ दिसाचं.

तशीच गेले. दळण चक्कीतच राहिलं. कोपीत आठेक वर्षांची मुलगी बाळ मांडीवर घेऊन बसली होती आणि वातीनं साखरेचं पाणी पाजत होती. ती त्याची आतेबहीण. आई कुठं, तर ऊसतोडीच्या फडात. बाळाच्या पोटाला हात लावला, गार. पाय तर त्याहून गार. घरी जाऊन झोळीचा काटा आणला. दवाखान्याच्या कागदावर जन्माचं वजन २ किलो ३०० होतं, काट्यावर १ किलो ९०० भरलं. मिनिटभर श्वास मोजले, ६४. साठच्या वर गेले की थांबायचं नसतं.

आईला आणायला फडात गेले. एकोणीस वर्षांची पोर, बीडच्या पाटोदा तालुक्यातली. मोळ्या बांधत होती, पोलकं पुढून ओलंचिंब. मला वाटलं घाम आहे. म्हणाली, ‘दूध दाटतंय बाई, छाती ठणकती. सकाळपासून दोनदा सरीत पिळून टाकलं.’ इकडं दूध सरीत जात होतं आणि तिकडं बाळ साखरेच्या पाण्यावर होतं. मधलं अंतर एका किलोमीटरचं. ती का गेली होती फडात? एक दिवस खाडा झाला की मुकादम ५०० रुपये कापायचा. घेतलेली उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, डोक्यावर होतीच. बाळंतपणाचे आठ दिवस धरून नवऱ्यानं हिशेब केला आणि नवव्या दिवशी तिला उभं केलं. मी त्या नवऱ्याला शिव्या देणार नाही. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकट्याचा कोयता चालत नाही.

बाळ छातीशी उघडं धरायला लावलं, वरून माझी शाल गुंडाळली आणि रुग्णवाहिका बोलावून सरकारी दवाखान्यात नेलं. सहा दिवस ठेवून घेतलं. पैसे पडले नाहीत, नवजाताचा इलाज तिथं मोफतच असतो.

खरं भांडण त्यानंतर झालं. आमच्यावर तेव्हा ज्या मॅडम होत्या त्या मला म्हणाल्या, ‘परजिल्ह्यातली बाळंतीण आहे, तुमच्या यादीत नाही. भेटीचा फॉर्म भरू नका, उद्या काही झालं तर मृत्यू आपल्या गावच्या नावावर पडेल.’ हे वाक्य मी आजही विसरलेले नाही. तिच्या गावच्या यादीवर ती ‘स्थलांतरित’, माझ्या यादीवर ती नाहीच, आणि गरोदरपणाचं कार्ड गावी पेटीत राहिलेलं. पहिलटकरणीला मिळणाऱ्या योजनेच्या पाच हजारांतला रुपयासुद्धा तिला मिळाला नव्हता.

मी फॉर्म भरला. दवाखान्यातल्या बाळंतपणाला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाऊन बाळ बघायचं असतं, हा नियम कुठून आला ते मी मॅडमना सांगितलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९९५ ते १९९८ मध्ये ३९ गावांत गावच्याच बायकांना शिकवलं आणि बाळ घरातच तपासायला लावलं. तिसऱ्या वर्षापर्यंत, तुलनेला घेतलेल्या गावांपेक्षा तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. त्यावरूनच २०११ पासून देशभरच्या आशांच्या अंगावर ह्या भेटी आल्या. त्या पोरीच्या पाटोद्याशेजारच्या जामखेडला तर आरोळे या डॉक्टर दांपत्यानं १९७० मध्ये काम सुरू केलं आणि अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बायकांनाच शिकवून गावच्या आरोग्याचं काम करून घेतलं. यादीत नाव आहे का, एवढंच बघत बसले असते तर यातलं काही झालं असतं का? मॅडम म्हणाल्या, भाषण नको. ह्या भेटींचा अडीचशे रुपयांचा मोबदला मला मिळाला नाही.

बाळ परत कोपीत आलं तेव्हा दोन किलोचं होतं. ती पुन्हा फडात गेली असती तर महिन्याच्या आत संपलं असतं. म्हणून मी आमच्या बचत गटात विषय काढला. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, गटाचा पैसा सभासदांचा, ही टोळीवाली माणसं तर मार्चला निघून जाणार. तरीही पाच जणींनी स्वतःच्या कनवटीचे पाचशे-पाचशे काढले. पाच दिवसांचा खाडा झाला. ज्यांचा ऊस तुटत होता त्या शेतकऱ्यानं आणखी पाच दिवसांचे दिले, आणि दोघं मिळून मुकादमाकडं गेलो तर त्यानं पाच दिवस सोडून दिले. पंधरा दिवस ती कोपीत बसली. बाळ छातीशी धरायचं, दर दोन तासांनी पाजायचं, एवढंच काम. ४२ व्या दिवशी काट्यावर २ किलो ८०० भरलं.

तुमचा हिशेब आता तुम्हीच करा. पंधरा दिवसांना साडेसात हजार. पन्नास हजारांत सहा बाळंतिणी बसतात आणि वर एक चांगला काटा, थर्मामीटर येतो. तुमच्याकडं ऊस नसेल तर वीटभट्टी असेल, बांधकाम असेल, घरकामवाल्या असतील. बाळंतिणीला घरी बसायची ऐपत कुणाकडं नाही, ते शोधा. शिबिरं दवाखान्यात होतच असतात.

संस्थेशी भागीदारीचं विचारलंय, त्याबद्दल मला फार सांगता येणार नाही. तुमच्या गावची आशा आणि अंगणवाडीताई यांना आधी चहाला बोलवा, त्यांना कुठल्या घरात काय चाललंय ते माहीत असतं. आणि ठराव लिहिताना ‘गावातील गरजू माता’ असं लिहू नका. ‘गावात राहत असलेली कोणतीही बाळंतीण’ असं लिहा. एका शब्दावरून पुढं अडवणूक होते, माझं ऐका.

दोन गोष्टी राहिल्या. पैसे नवऱ्याच्या किंवा मुकादमाच्या हातात आधी देऊ नका, आठवड्याच्या शेवटी ती खरंच घरी बसली का ते बघून द्या. आणि बाळ गार पडलं, चोखेना, छाती आत ओढायला लागली तर खाड्याच्या पैशानं काही होत नाही, गाडी बोलवा. माझ्या हातूनही सगळी वाचलेली नाहीत.

त्या मॅडम आता निवृत्त झाल्यात. मागच्या महिन्यात बाजारात भेटल्या, म्हणाल्या, ‘अजून जाता का हो त्या टोळ्यांच्या मागं?’ जाते म्हटलं. यंदा गायरानात अकरा कोपी आहेत, चौघी गरोदर, आणि त्यातल्या एकीचे दिवस येत्या पंधरवड्यात भरतायत.