आल्सासच्या उत्तर सीमेवरचे किल्ले आणि खेडी तीन दिवसांत कशी पाहावीत?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: ऑक्टोबरअखेर फ्रान्सच्या आल्सास प्रांतात स्ट्रासबूरला काम आहे, पुढचे तीन दिवस मोकळे आहेत, सोबत पत्नी आणि साठीचे आई-वडील. सह्याद्रीतल्या गडांची सवय आहे, सगळे शाकाहारी. जर्मनीला लागून असलेल्या उत्तरेकडच्या डोंगरात किल्ले आणि खेडी कशी बघायची, आणि गाडी घ्यावी का?

गाडी घ्या. मुक्काम एकाच गावी ठेवा, लेंबाख किंवा व्हिसांबूर. या भागात अंतरं किरकोळ आहेत. स्ट्रासबूर ते व्हिसांबूर तासाभराचा रस्ता, व्हिसांबूर ते लेंबाख साधारण 15 किलोमीटर, लेंबाखहून फ्लेकनश्टाइन किल्ला दहा मिनिटांवर. माणसं इथे अंतरात अडकत नाहीत, वेळेत अडकतात: तिकीटखिडकी बंद, स्वयंपाकघर बंद, दुकान बंद, आणि ऑक्टोबरअखेर सूर्यही लवकर बंद. त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळं एक तास मागे जातात. आदल्या दिवशी सव्वासहाच्या सुमारास होणारा सूर्यास्त दुसऱ्या दिवशी सव्वापाचला होतो, आणि दाट झाडीत त्याच्या अर्धा तास आधीच अंधारायला लागतं. तुमचे तीन दिवस त्या रविवारच्या अलीकडे येतात की पलीकडे, हे आधी कॅलेंडरमध्ये बघा.

पहिला दिवस चार किल्ल्यांच्या फेरीला द्या. गाडी गिंबेलहोफला लावायची. फ्लेकनश्टाइनच्या वरच्या अंगाला असलेलं हे जंगलातलं खानावळवजा ठिकाण आहे. तिथून ल्योवेनश्टाइन, होहेनबुर्ग, सीमा ओलांडून जर्मनीतला व्हेगेलनबुर्ग, आणि उतरताना फ्लेकनश्टाइन. एकूण सात-आठ किलोमीटर, चढ तीनशे मीटरच्या आसपास. किल्ले बघत गेलात तर चार तास धरा. बहुतेक लोक फ्लेकनश्टाइनपासून सुरुवात करतात, कारण तो सगळ्यांत प्रसिद्ध. मी उलट दिशा सुचवेन. वरच्या तिन्ही किल्ल्यांना ना दार ना तिकीट, तिथे सकाळी नऊलाही जाता येतं. फ्लेकनश्टाइन तिकिटाचा, तो उशिरा उघडतो आणि शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या वेळेआधीच थांबवतात. त्यामुळे सकाळ वर घालवायची आणि दुपारी खाली यायचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्यांचं वेळापत्रक बदलतं, म्हणून निघण्यापूर्वी किल्ल्याच्या संकेतस्थळावर त्याच दिवसाची वेळ बघा.

ल्योवेनश्टाइन म्हणजे कातळावर उरलेले थोडे अवशेष. चौदाव्या शतकाच्या शेवटी वाटमाऱ्यांचा अड्डा म्हणून तो पाडला गेला. तिथे फार रेंगाळू नका. पाच-दहा मिनिटांवरच्या होहेनबुर्गला मात्र वेळ द्या. हा पुढे झिकिंगेन या जर्मन सरदार घराण्याकडे आला. सोळाव्या शतकातला जाड तोफबुरूज आणि रेनेसाँ धाटणीची कोरीव दाराची चौकट दोन्ही बघण्यासारखी आहेत. पुढे सौम्य उतार-चढावाची वाट, मध्ये सीमेचा दगड, आणि मग व्हेगेलनबुर्ग, उंची 572 मीटर. जर्मनीच्या फाल्झ भागातला हा सर्वांत उंचावरचा किल्ला. बांधकाम थोडंच उरलंय, पण दोन्ही देशांतल्या जंगलांचा देखावा या फेरीत सगळ्यांत मोकळा इथूनच दिसतो. आई-वडिलांना एवढी चाल नको असेल तर त्यांनी गिंबेलहोफला थांबावं आणि दुपारी गाडीने थेट फ्लेकनश्टाइनच्या वाहनतळावर यावं. तिथून दरवाजापर्यंतची चाल थोडी आहे. दुसरा चालक मात्र हवा, आणि त्याचं नाव भाडेकरारात आधीच घालून घ्या.

फ्लेकनश्टाइनला दीड तास तरी राखून ठेवा. बाराव्या शतकातला हा किल्ला तांबड्या वालुकाश्माच्या लांबट सुळक्यावर आहे. ‘वर आहे’ म्हणण्यापेक्षा सुळक्याच्या आत आहे म्हणणं जास्त बरोबर. जिने, खोल्या, पाणी साठवायची जागा, सगळं कातळात खोदलेलं. सुळक्याला टेकून विहिरीचा मनोरा उभा आहे. वेढा पडला तरी पाणी आतल्या आत वर चढवता यावं, ही त्यामागची योजना. भिंतींवर आणि कड्यावर चौकोनी खाचा दिसतील. त्या लाकडी तुळया बसवायच्या. लाकडाचे मजले आणि छपरं गेली, खाचा राहिल्या. त्या ध्यानात घेऊन बघितलं तर उघड्या कातळावर केवढी मोठी इमारत चढवली होती याचा अंदाज येतो. 1680 मध्ये फ्रेंच सैन्यानेच तो उद्ध्वस्त केला. होहेनबुर्गचंही त्याच वर्षी तसंच झालं.

सह्याद्रीची सवय इथे एका बाबतीत दगा देते. आपला बेसाल्ट कठीण. कडेला पाय ठेवला तर सहसा टिकतो. वालुकाश्म मऊ, त्याचे कण सुटतात. कोरड्या पायरीवर बारीक वाळूचा थर असतो आणि पाऊस पडला की त्यावर शेवाळ आणि बीच झाडांची ओली पानं. सुळक्याच्या कडेचा भाग दिसायला भक्कम, पण खालून वाऱ्यापावसाने कोरलेला असू शकतो. कठडा असेल तिथे कठड्याच्या आतच राहा. बूट खोल खाचांच्या तळव्याचे हवेत. उतरताना जास्त जपा, जिन्याच्या पायऱ्या मध्ये झिजून वाटीसारख्या झाल्यात.

वाटांच्या खुणा व्होज क्लबच्या (व्होज म्हणजे हीच डोंगररांग). 1872 मध्ये सावेर्नला स्थापन झालेली ही संस्था झाडांवर खुणा लावते. लाल आयत म्हणजे लांब पल्ल्याची वाट. इथे ती जीआर 53, व्हिसांबूरहून सुरू होणारी. फुली, त्रिकोण, भरीव टिकली या स्थानिक वाटा. मधून पोकळ असलेलं कडं म्हणजे फिरून सुरुवातीच्याच जागी आणणारी वाट. टिकली आणि कडं यांत लोक हमखास गोंधळतात आणि भलत्याच गावात उतरतात. सीमेपलीकडे जर्मन संघटनेच्या खुणा सुरू होतात, रंग तोच दिसला तरी वाट तीच असेल असं समजू नका. फोनवर नकाशा आधीच उतरवून ठेवा, दऱ्यांत नेटवर्क जातं किंवा फोन आपोआप जर्मन टॉवर पकडतो. तुमच्या भारतीय रोमिंग पॅकमध्ये दोन्ही देश आहेत ना, ते तपासा. कागदी हवा असेल तर आयजीएन या फ्रेंच नकाशा संस्थेचा 1:25000 प्रमाणाचा 3814 ईटी क्रमांकाचा नकाशा पुरतो. पासपोर्ट सगळ्यांचे जवळ ठेवा. शेंगेन व्हिसावर पलीकडे जाता येतं, पण 2024 पासून जर्मनीने सीमेवर तपासणी पुन्हा सुरू केलेली आहे.

दुसरा दिवस खेड्यांचा, आणि हा आई-वडिलांना जास्त आवडेल. व्हिसांबूरमध्ये लाउटर नदीचे फाटे घरांना चिकटून वाहतात. संत पीटर आणि पॉल यांचं तेराव्या शतकातलं चर्च आकाराने आल्सासमध्ये स्ट्रासबूरच्या कॅथेड्रलखालोखाल. आत संत ख्रिस्तोफरचं सुमारे 11 मीटर उंचीचं भित्तिचित्र आहे. तिथून हुन्सपाख दहा-अकरा किलोमीटर. पांढऱ्या भिंती, काळ्या लाकडी चौकटी, 2020 मध्ये फ्रेंच टीव्हीवरच्या स्पर्धेत हे देशाचं सर्वांत आवडतं गाव ठरलं. काही जुन्या घरांच्या खिडक्यांच्या काचा निरखून बघा, त्या बाहेरच्या बाजूला फुगीर आहेत. आतल्या माणसाला रस्ता दिसतो, रस्त्यावरच्याला आतलं दिसत नाही. घरांत लोक राहतात, फाटक उघडं असलं तरी आवारात शिरू नका. हुन्सपाखला तासभर पुरतो. वेळ उरला तर शेजारच्या झेबाखला जा.

हुन्सपाखजवळच शोनेनबूरचा किल्ला. माजिनो रेषेतला, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाआधी फ्रान्सने जर्मन सीमेवर उभारलेल्या तटबंदीतला, हा भुयारी तळ जवळपास 30 मीटर खोल आहे. आतलं तापमान वर्षभर 13 अंशांच्या आसपास आणि फेरी सुमारे तीन किलोमीटर चालण्याची. स्वेटर न्या. आईंना गुडघ्याचा त्रास असेल तर पायऱ्यांबद्दल आधी विचारा. तो हंगामी उघडतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच साधारण, म्हणून तारीख पक्की करूनच जा.

तिसऱ्या दिवशी लेंबाखहून पश्चिमेला. ओबरश्टाइनबाखजवळचा वाझिगेनश्टाइन म्हणजे एका भेगेने दुभंगलेल्या सुळक्यावरचे दोन किल्ले. लहान, फुकट, आणि मला या पट्ट्यातला सगळ्यांत देखणा वाटतो. मध्ययुगीन लॅटिन काव्य ‘वाल्थारियस’मधलं द्वंद्व लोक इथलं मानतात. पुढे बीच नावाच्या गावाचा गडकोट. 1870 च्या ऑगस्टपासून 1871 च्या मार्चपर्यंत त्याने प्रशियन-बव्हेरियन वेढा झेलला. इथलं दर्शन कानाला यंत्र लावून, चित्रफीत बघत बघत होतं, त्यामुळे दोन तास लागतात. हे दोन्ही एका दिवसात बसतात. तिसरा किल्ला घालायचा मोह टाळा.

गाडी नाहीच घेतली तर? स्ट्रासबूरहून व्हिसांबूरला रेल्वेने सुमारे एक तास, हुन्सपाख त्याच मार्गावरचं स्थानक. नीदरब्रॉनलाही रेल्वे जाते आणि स्थानकापासून तासाभराच्या चढावर वाझेनबूर किल्ला आहे, त्याच्या दिवाणखान्याची नऊ उभ्या झरोक्यांची खिडकी बघाच. पण फ्लेकनश्टाइनला या मार्गाने जाता येत नाही, आणि खेड्यांतल्या बस मुख्यतः शाळेच्या वेळांना धरून धावतात, सुट्टीत आणखी कमी.

गाडीबद्दल: भारतातून निघताना आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना घ्या. स्वयंचलित गिअरची गाडी लागत असेल तर आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी मिळत नाही. गाडी जर्मनीत नेणार हे कंपनीला कळवा. गावाच्या नावाची पाटी म्हणजेच 50 ची मर्यादा, वेगळी पाटी लावत नाहीत. सगळ्यांत जास्त घोटाळा होतो तो उजवीकडून येणाऱ्याच्या अग्रहक्काचा. खेड्यात दुसरी खूण नसेल तर उजव्या बोळातून निघणारं वाहन, मग तो ट्रॅक्टर का असेना, तुमच्या आधी जाणार. संध्याकाळी रानडुकरं आणि हरणं रस्त्यावर येतात, तेव्हा वेग कमी ठेवा.

जेवणाचं नियोजन आदल्या दिवशी करा. स्वयंपाकघर साधारण 12 ते दीड आणि संध्याकाळी 7 ते 9 एवढंच चालतं. अनेक ठिकाणी सोमवार-मंगळवार सुट्टी. फ्लामकुश म्हणजे पातळ रोटीवर पांढरं चीज, साय, कांदा आणि डुकराच्या मांसाचे तुकडे. ‘सां लार्दों’ म्हटलं की मांसाशिवाय भाजून देतात. लाकडाची भट्टी पुष्कळदा फक्त संध्याकाळी पेटवतात, म्हणून दुपारी मिळेलच असं नाही. बिबेलेस्कास हा लसूण-कांदापात घातलेल्या ताज्या पांढऱ्या चीजचा पदार्थ परतलेल्या बटाट्यांबरोबर येतो, तोही चालेल. रविवारी दुकानं बंद. 1871 ते 1918 हा भाग जर्मन साम्राज्यात होता, तेव्हाचे काही कायदे इथे अजून लागू आहेत. 1 नोव्हेंबरही सुट्टीचा. शनिवारी संध्याकाळी ब्रेड, फळं, दूध भरून ठेवा. त्याच सुमारास शाळांना दोन आठवडे सुट्टी असते, खोल्या आजच बघायला घ्या.

शेवटी जंगलाचं. हा शिकारीचा हंगाम. ‘शास आं कूर’ (शिकार चालू आहे) अशी पाटी दिसली तर त्या वाटेने जाऊ नका, खुणा असल्या तरी. भडक रंगाचं जाकीट बरं. गोचिडी शरद ऋतूतही चावतात आणि या भागात लाइम आजाराचं प्रमाण जास्त आहे. विजार मोज्यांत खोचा, रात्री गुडघ्यामागे, काखेत, कमरेला तपासा. सापडली तर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या छोट्या आकड्याने फिरवत काढा, तेल किंवा पेटती काडी लावू नका. पुढच्या महिन्याभरात त्या जागी पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा, भारतात परतल्यावर ते आपण होऊन विचारणार नाहीत.