कंत्राटदार गेला, म्हणून पगार बुडत नाही

आपण कळवले आहे की, एका कारखान्याच्या पॅकिंग विभागात तीन वर्षे कंत्राटी काम केल्यावर कंत्राटदार बदलला, जुन्याने शेवटच्या दोन महिन्यांचा पगार दिला नाही, कंपनी हात वर करते आणि नवा कंत्राटदार ‘माझे सर्व येणे मिळाले’ अशा मजकुराच्या राजीनाम्यावर सही केल्याशिवाय गेटपास देत नाही.

त्या कागदावर सही करू नये, असे मी कळकळीने सांगेन, कारण पुढे तोच कागद आपल्याविरुद्ध दाखवला जाईल. अगदीच नाइलाज झाला, तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने ‘दोन महिन्यांचा पगार बाकी’ असे लिहून तारीख घालावी आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवावा.

कंपनीचा पवित्रा कायद्याला धरून नाही. कंत्राटदाराने पगार थकवला किंवा कमी दिला, तर तो पूर्ण देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे कंपनीवर येते. ती रक्कम कंत्राटदाराकडून कशी वसूल करायची, हे कंपनीने पाहावे. ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांतही आहे.

आता पुरावा. पीएफचे पासबुक आजच उतरवून घ्यावे. त्यात भरणा कोणाच्या नावाने झाला आणि त्या दोन महिन्यांचा झाला की नाही, हे दिसते. जुने गेटपास, बँकेत जमा झालेला पगार, सुपरवायझरने पाठवलेले शिफ्टचे संदेश, हे सारे जपावे. पगार दिल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर असला, तरी आपण तिथे काम केले हे आपल्याला दाखवता आले पाहिजे.

कायम होण्याबद्दलही आपण विचारले आहे. तेथे खोटी आशा दाखवणे मला योग्य वाटत नाही: केवळ अनेक वर्षे कंत्राटी काम केले म्हणून कंपनीत आपोआप सामावले जाण्याचा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्पष्ट केले आहे. कंत्राट निव्वळ दिखाऊ होते, हे सिद्ध झाल्यास गोष्ट वेगळी. पण तो लांबचा लढा आहे, आणि थकलेल्या पगाराचा दावा त्यासाठी अडवून ठेवू नये.

पगाराची लेखी मागणी कंपनी आणि जुना कंत्राटदार या दोघांकडे करून पोच घ्यावी, आणि पैसे न आल्यास कामगार आयुक्त कार्यालयात जावे. वेतन संहितेनुसार दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, आणि आपल्याबरोबरच्या इतरांचेही पैसे अडकले असतील, तर सर्वांचा मिळून एकच अर्ज चालतो.