अटलांटात पानझडी अझेलिया का जगत नाहीत?

खोल खड्डा घेतला, शेणखत घातले, भोवती आळे करून रोज पाणी दिले, तरी दोन वर्षांत दोन्ही स्थानिक अझेलिया (हिवाळ्यात पाने गाळणारी फुलझुडपे) वाळल्या, असे आपण लिहिले आहे. माझी पहिली रोपेही अगदी अशीच गेली, त्यामुळे त्या वाक्यातल्या ‘तरी’च्या जागी मी ‘म्हणूनच’ लिहीन.

इथली लाल माती पाहून कोकण आठवते; पण ही घट्ट चिकणमाती आहे आणि तिच्यात खणलेला खड्डा घमेल्यासारखा पाणी धरून ठेवतो. अझेलियाची मुळे केसांसारखी बारीक असून जमिनीच्या वरच्या वीतभर थरातच पसरतात. ती पाण्यात गुदमरून कुजली की पाने मलूल होतात, आणि आपण रोप तहानलेले समजून आणखी पाणी ओततो. म्हणून इथे आळ्याच्या उलट, म्हणजे उंचवटा करावा. मुळांचा गोळा जमिनीपेक्षा तीन-चार बोटे वर राहील असा बसवावा, कुंडीत वेटोळे घातलेली मुळे बोटांनी मोकळी करावीत, भोवती पाइनच्या सालीचा बारीक चुरा मिसळलेली माती चढवावी आणि वर पाइनच्या सुयांचे आच्छादन द्यावे. ते खोडाला मात्र टेकू देऊ नये. शेणखत नकोच. मातीचा सामू (आम्लता दाखवणारा pH) 4.5 ते 6 हवा, त्यामुळे घराच्या काँक्रीटच्या पायालगतची जागा टाळावी, कारण तिथे चुना झिरपून पाने पिवळी पडतात. लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करावी. सकाळचे ऊन आणि दुपारी उंच झाडांची विरळ सावली मिळाली तर उत्तम. दाट सावलीत झाड जगते, पण फुलत नाही.

दुकानात ‘पानझडी अझेलिया’ म्हणून बहुधा एक्सबरी संकर मिळतात. ते इंग्लंडमध्ये तयार झाले असून इथल्या उकाड्यात टिकत नाहीत, शिवाय पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, येते. त्याऐवजी स्थानिक रोपे विकणाऱ्या रोपवाटिकेतून पीडमाँट अझेलिया घ्यावी. पाने येण्याआधीच, मार्च-एप्रिलमध्ये, ती सुगंधी गुलाबी फुलांनी भरते. पिवळ्या-केशरी रंगासाठी फ्लोरिडा फ्लेम आहे. माझी आवडती मात्र प्लमलीफ: जॉर्जिया-अलाबामा सीमेवरच्या चॅटाहूची खोऱ्याच्या आसपासच ती रानात आढळते आणि इतर अझेलियांचा बहर संपल्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये, लालभडक फुलते. रानातून रोप उपटून आणू नये; ते सहसा जगत नाही आणि रानातले तेवढे कमी होते.

छाटणी लागलीच तर फुले ओसरताच करावी, कारण पुढच्या वर्षीच्या कळ्या आदल्या हंगामातच धरलेल्या असतात. हिवाळ्यात कात्री लावली की वसंत फुलांविना जातो. घरात लहान मुले असतील तर एक ध्यानात ठेवावे, की झाडाची पाने, फुले, मधसुद्धा विषारी असतो. पहिले दोन उन्हाळे आच्छादनाखाली बोट खुपसून पाहावे आणि माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे.