अन्नसुरक्षा की अन्नसुरक्षितता? आणि 'पोषण' वेगळं कशाला?

प्रश्न असा आलाय की फूड सिक्युरिटीला मराठीत अन्नसुरक्षा म्हणायचं की अन्नसुरक्षितता, दोन्ही एकच का, आणि आजकाल जगाच्या अन्नाच्या भवितव्यावर काहीही वाचलं की 'अन्नसुरक्षा आणि पोषण' अशी जोडी का दिसते, पोषण त्यातच येत नाही का. सोबत प्रश्नकर्त्यांनी स्वतःचं एक वाक्यही दिलंय: '२०५० साली जगाची अन्नसुरक्षितता धोक्यात येईल कारण धान्य कमी पडेल.'

नुसत्या व्याकरणाने बघितलं तर दोन्ही शब्द बरोबर आहेत. सुरक्षा म्हणजे रक्षण, सुरक्षितता म्हणजे सुरक्षित असण्याची अवस्था. गोंधळ होतो तो समास सोडवताना. अन्नसुरक्षा म्हणजे 'अन्नाची सुरक्षा' असं आपण झटकन फोडून टाकतो, आणि तसं फोडलं की डोळ्यासमोर येतं गोदाम, कीड, भेसळ, एक्स्पायरी डेट. म्हणजे जपलं जातंय ते अन्न. पण फूड सिक्युरिटीत जपायचं असतं माणसाला! आज मिळालं, उद्या मिळेल, नोकरी गेली किंवा पीक बुडालं तरी मिळेल, ही शाश्वती. त्यामुळे विग्रह 'अन्नाच्या बाबतीत माणसाची सुरक्षा' असाच करायला हवा.

अन्न स्वतः धोकारहित असणं, त्यात जंतू नसणं, विषारी काही नसणं, ही फूड सेफ्टी. तोही विषय लहान नाही हं, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने दूषित अन्नामुळे वर्षाला ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार जातात. म्हणूनच दोन्हींना एक शब्द नको. 'अन्नसुरक्षेचे नियम कडक केले' असं वाचलं तर कशाचे नियम तेच कळत नाही, स्वच्छतेचे की वाटपाचे. स्पॅनिशवाल्यांची अडचण तर आपल्याहून मोठी, त्यांच्याकडे सेफ्टी आणि सिक्युरिटी दोन्हीला 'सेगुरिदाद' हा एकच शब्द, म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या म्हणजे एफएओच्या स्पॅनिश कागदपत्रांत सेफ्टीसाठी 'इनोकुइदाद', म्हणजे अपाय न करण्याचा गुण, असा वेगळाच शब्द घेतात. आपण सिक्युरिटीला अन्नसुरक्षा ठेवावं, ते रुळलंय, आणि सेफ्टीला सरळ 'निर्धोक अन्न' म्हणावं. अन्नसुरक्षितता मी तरी टाळतो, कारण वाचणारा दोन्हीपैकी कुठलाही अर्थ घेऊ शकतो.

आता तुमच्या वाक्यातलं 'कारण धान्य कमी पडेल'. मला खटकलं ते खरं तर हे. १९७४ साली रोमला जागतिक अन्न परिषद झाली तेव्हा अन्नसुरक्षेची व्याख्या जवळपास अशीच होती, जगात मूलभूत अन्नाचा साठा पुरेसा हवा, उत्पादन आणि भाव वरखाली झाले तरी निभावलं पाहिजे, बस. त्याआधीची दोन वर्षं धान्याच्या टंचाईची आणि भडकलेल्या भावांची होती, त्यामुळे तसा विचार होणं साहजिकच. पुढे १९८१ मध्ये अमर्त्य सेन यांनी दाखवून दिलं की बाजारात धान्य असूनही माणसं उपासमारीने मरतात, कारण ते मिळवण्याची ऐपत किंवा हक्क त्यांच्याकडे नसतो. १९९६ ला परत रोममध्येच शिखर परिषद झाली आणि व्याख्या पार बदलली: सगळ्या माणसांना, सगळ्या काळात, पुरेसं, निर्धोक आणि पोषक अन्न प्रत्यक्ष मिळण्याजोगं आणि परवडण्याजोगं असणं. साठ्याचा शब्द माणसाचा झाला तो इथे.

मोजमापातही हे दिसतं. एफएओ लोकांना गेल्या १२ महिन्यांबद्दल आठ प्रश्न विचारते आणि त्यातला पहिला भुकेचा नाहीच, काळजीचा आहे: पैशाअभावी किंवा इतर साधनांअभावी पुरेसं खायला मिळणार नाही अशी चिंता वाटली का? मग सकस खाता आलं नाही असं झालं का, मोजकेच पदार्थ खाऊन राहिलात का, एखादं जेवण चुकवावं लागलं का, असं करत करत शेवटचा प्रश्न येतो, पूर्ण दिवस उपाशी काढलात का. धान्य किती टन पिकलं हे यात कुठेच नाही बघा. आज जगात सगळ्यांना पुरतील इतक्या कॅलरी पिकतात, तरी २०२४ मध्ये सुमारे ६७ कोटी ३० लाख लोक भुकेले होते असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. त्यामुळे तुमचं वाक्य मी असं लिहीन: '२०५० पर्यंत अन्न पिकवणं जितकं अवघड होईल तितकंच ते प्रत्येकापर्यंत पोहोचवणंही.'

पोषणाचं म्हणाल तर तुमची शंका रास्त आहे, १९९६ च्या व्याख्येत 'पोषक' आहेच. 'अन्नसुरक्षा आणि पोषण' म्हणायचं की 'अन्न व पोषण सुरक्षा' यावर २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्नसुरक्षा समितीत रीतसर चर्चाही झाली होती. मला शब्द वेगळा काढणं पटतं, कारण व्याख्येत असलं तरी बोलताना अन्न म्हणजे पोट भरणं एवढंच उरतं. भुकेलेल्यांचा वरचा आकडा परत बघा आणि त्याच्याशेजारी हा ठेवा: त्याच २०२४ मध्ये सकस आहार परवडत नाही असे लोक होते जवळपास २६० कोटी. यातल्या बहुतेकांचं पोट भरतं, पण लोह, जस्त, अ जीवनसत्त्व कमी पडतं. त्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की गहू आणि तांदळात जस्त, लोह, प्रथिनं कमी भरतात हे उघड्या शेतातल्या प्रयोगांत दिसलंय, म्हणजे पोतं तेवढंच, दाण्याचा कस मात्र घटलेला. हे नुकसान 'धान्य पुरेल का' या प्रश्नात सापडणारच नाही. कुपोषण हा शब्दही असाच अर्धा वापरला जातो, 'कु' म्हणजे वाईट, कमी नव्हे, तेव्हा लठ्ठपणाही त्यातच येतो. नुसतं कमी पडतंय असं म्हणायचं असेल तर अल्पपोषण लिहा.

जाता जाता, याच विषयावर लिहिताना 'दुष्काळ' जपून वापरा. आपल्याकडे पाऊस न पडण्यालाही दुष्काळ आणि माणसं भुकेने मरण्यालाही दुष्काळ. २०२४ मध्ये सुदानमधल्या विस्थापितांच्या झमझम छावणीत जो दुष्काळ घोषित झाला त्याच्या मुळाशी युद्ध होतं, रसद तोडलेली होती, पण मराठीत 'सुदानमध्ये दुष्काळ' वाचणाऱ्याला वाटतं पावसाने दगा दिला असणार. पावसासाठी 'अवर्षण' हा चांगला शब्द आहे, तो तिथे वापरावा आणि दुसऱ्यासाठी 'भीषण उपासमार' लिहून पुढच्याच वाक्यात कारण सांगून टाकावं.