टॉवर शेजाऱ्याच्या गच्चीवर, फोन आपल्या उशाखाली

"मॅडम, घरासमोर टावर आहे. लेकरांना काही होईल का?" लातूर-परभणीकडून येणाऱ्या कितीतरी आया हाच प्रश्न घेऊन बसतात. झोप उडालेली असते आणि घरात कुणी ऐकून घेत नसतं.

त्यातल्या एका ताईंचं सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत. शेजारच्या गच्चीवर टॉवर उभा राहिला आणि वर्षाच्या आतच त्यांच्या जावेला स्तनाचा कर्करोग निघाला. तेव्हापासून त्या दोन्ही लेकरांना आतल्या पत्र्याच्या खोलीत झोपवत, टॉवरपासून लांब म्हणून.

"काही होत नाही हो" असं म्हणून मी कुणाला परत पाठवत नाही. नुसत्या धीरानं भीती जात नाही. तिला मोजायचं काम दिलं की ती ताळ्यावर येते, असा माझा अनुभव आहे.

"रात्री फोन कुठं असतो?"

"उशाखाली. मालक शेतातल्या आखाड्यावर असतात, कधीबी फोन येतो."

"बोलता कुठं?"

"तिथंच, लेकरांपाशी. रेंज नसते, मग कानाला गच्च दाबून धरते."

त्यांना घरी एक काम दिलं. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन', मग सिम स्टेटस उघडायचं आणि सिग्नल स्ट्रेंग्थचा आकडा घरातल्या प्रत्येक जागी वहीत लिहायचा. हा आकडा उणे असतो. उणे चिन्ह सोडून तो जितका मोठा, तितका सिग्नल क्षीण. दर 10 ला दहापट फरक पडतो.

पुढच्या भेटीत वही उघडली. घराबाहेरच्या ओट्यावर उणे 78, पत्र्याच्या खोलीत उणे 113. म्हणजे आत सिग्नल तीन हजार पटींनी कमी. पत्रा लहरी अडवतो आणि सिग्नल क्षीण झाला की फोन टॉवरला गाठण्यासाठी स्वतःची ताकद वाढवतो, हे मी समजावलं. त्या बराच वेळ वहीकडे बघत राहिल्या.

"म्हणजे टावरपासून लांब नेलं, आन् फोनलाच लेकरांच्या कानापाशी वरडायला लावलं?"

मी लगेच सांगितलं, यानं लेकरांना इजा झाली असं मनात आणू नका. फोन पूर्ण ताकदीनं चालला तरी शरीरात त्याची किती ऊर्जा शोषली जाऊ शकते याला मर्यादा आहे. भारतात 2012 पासून ती 1.6 वॅट प्रति किलो आहे, तीही 1 ग्रॅम ऊतींवर मोजलेली. *#07# दाबलं की बहुतेक फोनवर त्या मॉडेलचा आकडा दिसतो.

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. "मग जावेला कशानं झालं?" अशी गाठ वाढायला बहुधा कित्येक वर्षं लागतात, टॉवर तर वर्षभरापूर्वीचा. त्या रडल्या. दुःखाला दोष द्यायला कुणीतरी लागतं आणि टॉवर रोज समोर उभा होता, हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं. टॉवरच्या भीतीमागे कुणाचं आजारपण आहे, हे मी आता आधी विचारते. ताईंना सरकारी दवाखान्यात स्वतःची स्तनतपासणी करून घ्यायला सांगितलं. त्यांच्यासाठी ते सगळ्यात गरजेचं होतं.

विज्ञान काय म्हणतं? 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं या लहरी 'कदाचित कर्करोगकारक' गटात घातल्या. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. पुढे 2024 मध्ये याच संघटनेसाठी झालेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

तरीही संपर्क कमी करायचा असेल तर अंतर हाच उपाय. अंतर दुप्पट केलं की तीव्रता साधारण पाव होते. म्हणून स्पीकरवर किंवा वायरच्या इयरफोनवर बोला. बोलायला ओट्यावर या. पत्र्याखाली, तळघरात, धावत्या एसटीत लांब गप्पा नकोत. फोन लागेपर्यंत कानाला लावू नका. झोपताना तो हातभर लांब ठेवा. कुणाच्या फोनची वाट नसेल तर फ्लाइट मोडवर. लेकरांना व्हिडिओ आधी डाउनलोड करून द्या आणि मग नेट बंद करा. घरात कुणाला पेसमेकर असेल तर फोन त्यापासून किमान 15 सेंटिमीटर दूर, शर्टाच्या खिशात तर नाहीच.

लहरी अडवतो म्हणून फोनला लावायला विकल्या जाणाऱ्या सोनेरी स्टिकर आणि चिपवर पैसे घालवू नका. त्यांनी लहरी अडवल्या तर फोन ताकद वाढवेल, नाही अडवल्या तर पैसे वाया. आणि टॉवरबद्दल मन मानतच नसेल तर दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवर त्याची माहिती पाहता येते आणि शुल्क भरून मोजणीही मागता येते.