रेकॉर्डर कुठला, हे नंतर बघू

मित्रा, शास्त्रीय गाण्याची मैफल रेकॉर्ड करायला कुठला रेकॉर्डर चांगला, असं विचारलंस; पण यावर आमच्या ठाण्यात दोन जुन्या जाणकारांचंही जमत नाही. कुणाला वेगळे माइक हवेत, कुणाला रेकॉर्डरचेच पुरतात. तुझ्याकडे आहे तोच घे.

आधी कलाकार आणि आयोजकांची परवानगी. मग जागा: गडकरी रंगायतनसारख्या नाट्यगृहात स्पीकरच्या तोंडाशी नको, मधोमध बस.

नवख्यांची हमखास चूक लेव्हलची, म्हणजे रेकॉर्डर आवाज किती जोरात टिपतो त्याची. आलाप मंद म्हणून लेव्हल चढवतात. द्रुत लयीत तबल्याची कडक थाप पडली की आवाज फाटतो, आणि तो नंतर सांधता येत नाही. म्हणून:

- रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये २४ बिट, वेव्ह (WAV) फाइल
- ऑटो लेव्हल बंद. सर्वांत जोरकस जागा रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास
- नव्या बॅटऱ्या, रिकामं कार्ड

३२ बिट फ्लोट, म्हणजे लेव्हल चुकली तरी बरंचसं सावरून घेणारा रेकॉर्डिंगचा प्रकार, त्याच्या वादात आत्ता पडू नकोस. पहिलं रेकॉर्डिंग हेडफोन लावून पूर्ण ऐक आणि मलाही ऐकव, मनापासून ऐकेन.